प्रवाळातली राख

"तुम्ही बीडच्या. तिकडं प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला समुद्रातलं प्रवाळ हवंय?" माझे पीएचडीचे मार्गदर्शक सर हसले. "दुष्काळावर काम करा. शोभेल तुम्हाला."

मी शिरूर कासारची. त्या साली आमच्याकडचा सहकारी साखर कारखाना उसाअभावी बंद होता, म्हणून आई-बाबा कोयते घेऊन ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. दुष्काळ मला कुणी नेमून द्यायची गरज नव्हती. मी म्हटलं, "सर, मला प्रवाळच पाहिजे."

त्यांनी कुणालाच नको असलेला एक तुकडा दिला. हातभर लांब, खडूसारखा पांढरा. प्रवाळ म्हणजे चिमुकल्या समुद्री जीवांचा सांगाडा. वर्षाला एक थर चढवत तो वाढतो. जवळ ज्वालामुखी फुटून राख पाण्यात पडली, की तिच्या खुणा त्या वर्षीच्या थरात अडकून राहतात. क्ष-किरणांच्या फोटोवर मी थर मोजत बसायची. डोळ्यांतून पाणी यायचं. तपासणीत एका थरात लोखंड एकदम वाढलेलं निघालं.

"करवतीचा गंज असेल," सर म्हणाले. "तो थर गाळून टाका."

"नाही गाळणार. दुसऱ्या बाजूनं परत कापते."

कापायचं यंत्र वापरायच्या परवानगीसाठी मी पंधरा दिवस त्यांच्या दारात उभी राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी सही केली. नवी चकती लावली, काप काढला, तीनदा धुतला. तोच थर, तेवढंच लोखंड. आणि सूक्ष्मदर्शकाखाली राखेतले काचेचे टोकदार कण. तुकडा समुद्रातून काढला त्या सालापासून थर उलटे मोजत गेले, तर साल तिथल्या शेजारच्या बेटावरच्या ज्वालामुखीच्या स्फोटाशी जुळलं.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग म्हणाले, "लिहा."

चर्चासत्रात मात्र त्यांनी "आमच्या प्रयोगशाळेचं काम" म्हणून सांगायला सुरुवात केली. मी भर सभागृहात उठले. "कापलं मी, मोजलं मी. सांगणारही मीच." ते बाजूला झाले.

पुढच्या साली पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, आई-बाबा गावी परतले. मी त्यांना छापलेला लेख दाखवला, सर आधी कसे हसले होते तेही सांगितलं.

"पर तुला हासले कावून ते?" बाबांनी विचारलं.

"बीडची म्हणून."

आईनं कागद हातात घेतला. "तुजं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. "सगळ्यात वर."

"मंग हासू दे की," आई म्हणाली, आणि तो लेख तिनं शेजारणीला दाखवायला नेला.