डाळिंबाच्या ट्रेचा खुलासा

हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कोणालाही सांगितले नव्हते. पत्नीलाही नाही — आणि तिच्यापासून माझे काही लपून राहत नाही, असा तिचा समज आहे. आता तुम्हाला सांगतो.

इंदापूरच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी बावीस वर्षे गेली. शिक्षण नववीपर्यंत, तेही अर्धे. तथापि माझ्या मसुद्याला वजन आहे, असे लोक म्हणतात. लोक म्हणत नसत तेव्हा मी स्वतः म्हणत असे. माझा अर्ज दोन पानांपेक्षा कमी कधी नसे. शेवटचा नम्रतेचा परिच्छेद तर ठरलेलाच — 'अजाणतेपणी घडलेला अपराध पोटात घालून कृपादृष्टी ठेवावी.' रेशनकार्ड असो की पाणीपाळी, या परिच्छेदाने मला कधी दगा दिला नव्हता. मग त्या वेळीच कसा — पण थांबा, क्रमाने सांगतो.

सणसरच्या शोभाताई डाळिंबे निवडून परदेशी पाठवण्यासाठी पॅकिंगची शेड चालवत. त्यांनी कागदी लगद्याचे ट्रे — एकेका खळग्यात एकेक फळ बसते, तसे — बाहेरदेशातून मागवले. बंदरावरची कागदपत्रे त्यांचे धाकटे बंधू मिलिंद यांनी केली. ते तिकडे माल सोडवून देणाऱ्या एका एजंटाकडे नोकरीला. माल सीमाशुल्क खात्याने अडवला. नोटिशीत दोन प्रश्न होते. शुल्काच्या यादीत हा माल खोक्यांच्या वर्गात का दाखवला नाही? आणि तो कोणत्या देशात तयार झाला, याची खूण त्यावर का नाही?

उत्तर मिलिंदच देणार होते. मीच ताईंना म्हणालो — सरकारी खुलासा पोरासोरांच्या हातून नको, अनुभवी माणूस पाहिजे.

ताईंनी गठ्ठ्याभोवतीची कागदी पट्टी माझ्यापुढे ठेवली. "तात्या, देशाचं नाव हितं छापलंय की. सायबानं सुटा ट्रे बघितला, गठ्ठा बघितलाच न्हाय. अन् ही काय खोकी न्हाईत, ट्रे हायेत. एवढंच लिवा, जास्त काय बी नगं."

एवढेच? तीन ओळी? तीन ओळींसाठी माझ्याकडे यायचे कशाला? आणि खरे म्हणजे — ती वर्गवारी काय प्रकार आहे, हे मला मुळीच कळले नव्हते. विचारायला हवे होते ना? मी मान हलवली. दोन पाने लिहिली, पट्टीचा उल्लेख दुसऱ्या पानावर कोठेतरी केला आणि शेवटी तो परिच्छेद घातला — वर्गवारीत व देशाची खूण करण्यात अपराध घडला, तो पोटात घालावा. बारामतीच्या टायपिस्टाने त्याचे इंग्रजी केले. ताईंनी विश्वासाने सही केली आणि टपालाने पाठवून दिले.

खात्याने पोटात घातले नाही. आयातदाराने चूक स्वतःच मान्य केली आहे, असा आदेश निघाला. ट्रे सुटेपर्यंत हंगाम सरला. डाळिंबे घेणारा व्यापारी दुसऱ्या शेडकडे गेला. ताईंच्या शेडमधल्या अकरा बायका घरी बसल्या.

तरीही हा माझा अपराध नव्हे. म्हणजे — आहे. पण मी लपवला तो पुढचा. मिलिंदनी आदेशातले ते वाक्य फोनवर वाचून दाखवले, तशा ताई माझ्या टेबलाशी आल्या. "तात्या, आमी चुकलो आसं कुणी लिवलं?" मी क्षणभरही अडखळलो नाही. म्हणालो — तुमच्या भावाने. फोन करून त्यानेच ते वाक्य घालायला लावले. बंदरावरच्या साहेबांशी त्याचे बिघडू नये म्हणून.

इतके नीटनेटके खोटे मला कसे सुचले? मिलिंदनी शपथा घेतल्या. ताईंनी माझेच खरे मानले — त्यांच्या वडिलांपासूनचे कागद मी लिहिलेले. चार वर्षे बहीण-भाऊ बोलले नाहीत. चार वर्षे मी ताईंचा नमस्कार घेत राहिलो.

गेल्या आठवड्यात त्या आल्या. मिलिंदच्या मुलीच्या लग्नाचे निमंत्रण होते. "येनार न्हाय, आसं लिवून द्या. त्याला चांगलं टोचंल आसं. तुमाला जमतंय ते."

मी तारीख घातली. 'चि. मिलिंद यास' लिहिले — आणि पेन खाली ठेवले. म्हणालो, ताई, त्याने फोन केलाच नव्हता. ते वाक्य माझे. नोटीस मला समजली नव्हती.

त्या म्हणाल्या, "चार वर्सं, तात्या?" मग तिथेच, उभ्यानेच, फोन लावला. "मिल्या, तू खरं बोलत व्हतास रं," म्हणाल्या. फोन कानाशी तसाच धरून त्या स्टँडकडे निघून गेल्या. मागे वळून पाहिले नाही.

खरे सांगू? छाती मोकळी झाली. तसे सांगायची लाज वाटते, पण झाली. दुपारी घरी जाऊन पोटभर जेवलो. पत्नीने विचारले, आज काय विशेष? मी तिला सारे सांगितले.

काल ताई लग्नाला गेल्या, असे सणसरच्या एकाने सांगितले. भाऊ काय बोलला, त्या काय बोलल्या — मी विचारले नाही. शेड अजून बंद आहे.