विहिरींना आचारसंहिता नसते

आमच्या साडूंइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या कोपरगाव तालुक्यात सापडायचा नाही, आणि नको त्या वेळी खरं बोलणारा तर जिल्ह्यातही नाही. नोकरी माती-पाण्याच्या संशोधनाची. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचं लक्ष जिलेबीकडे, आणि हे पेला उजेडाकडे धरून विचारणार, "विहिरीचं की बोअरचं?" माझ्या मेहुणीला बघायला आले, तेव्हा चहाच्या आधीच सासऱ्यांना म्हणाले, "मुलगी पसंत आहे, पाणी नाही." सासऱ्यांनी मुलगीही दिली आणि विहीरही उपसून घेतली.

साडूंच्या गावाजवळ एक साखर कारखाना. त्याचं मळीचं पाणी ओढ्यातून गावच्या विहिरींत उतरतं, हे त्यांनी नमुने तपासून सिद्ध केलं. अहवाल तयार झाला आणि नेमकी निवडणूक लागली. कारखान्याचे अध्यक्षच उमेदवार. त्यांनी बंगल्यावर बोलावून मायेनं सांगितलं, "मतदान होऊ द्या, मग द्या." साडू म्हणाले, "साहेब, विहिरींना आचारसंहिता नसते."

अहवाल त्यांनी दिला. विरोधी उमेदवारानं तो भर सभेत फडकवला आणि साडूंना हार घालून माईक हातात दिला. हे शांतपणे म्हणाले, "यांच्याही कारखान्याखालच्या विहिरी तपासायला हव्यात." माईक तिथंच बंद पडला. पुढे दोन्ही बाजूंनी मिळून अहवाल गाडला आणि साडूंची बदली झाली.

पण खरी शिक्षा भोगली ती त्यांच्या थोरल्या भावानं. त्याचा ऊस तोडायला कारखान्याची टोळीच येईना. उसाला तुरे आले, वजन घटू लागलं, तसा तो साडूंच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथंच होतो.

"तू एकडाव म्हन, तपासनीत चूक झाली. लई न्हाई मागत."

"दादा, चूक नाही झाली. तुझ्याच विहिरीत बघ, क्षार किती..." साडू उंबऱ्यावरच त्याला समजावू लागले. पार ऊन कलेपर्यंत. भाऊ ऐकत राहिला. मग टोपी सारखी करत म्हणाला, "व्हय. खरंच आसंल."

चहा न घेताच तो गेला. ऊस शेवटी जनावरांपुढं पडला. भाऊ पुन्हा कधी बोलला नाही, आणि मागच्या वर्षी गेला.

परवा मी साडूंना विचारलं, "अहवालाचा पश्चात्ताप होतो का?"

"अहवालाचा? छे! आजही तोच देईन." मग म्हणाले, "त्या दिवशी दादाला हाताला धरून घरात घ्यायला हवं होतं हो. जेव म्हणायला हवं होतं. तो भाऊ म्हणून आला होता, आणि मी क्षार समजावत बसलो."

आत मेहुणीनं पानं वाढली होती. तिनं दोनदा हाक मारली, तरी आम्ही दोघं उठलो नाही.