हौदाची चावी

दुष्काळ माणसांना जवळ आणतो, असं भाषणांतून सांगतात. आमच्या गुलमंडीमागच्या गल्लीत त्याने कुलपांचा खप वाढवला. शेजारचे गृहस्थ घराला नुसती कडी लावून बाजारात जातात, हौदाला मात्र पितळी कुलूप घालतात. रोज सकाळी हौदात काठी बुडवून ते पाणी मापतात आणि ओली काठी तुळशीवर झटकतात. दोन घरांमधल्या भिंतीवरून आमचा दावा चालू आहे. तेव्हापासून ते माझा उल्लेख ‘प्रतिवादी’ असाच करतात.

उन्हाळ्यात आमची मुलगी बाळंत झाली आणि त्याच आठवड्यात नळ गेला. टँकरही फिरकला नाही. घरात बाळाला न्हाऊ घालण्यापुरतंही पाणी उरलं नव्हतं. तेव्हा त्यांनी भिंतीवरून माझ्या बायकोला चावी दिली.

“वहिनी, मी बिडकीनला बहिणीकडं चाललो. लेकराला न्हाऊ घाला. प्रतिवादींना सांगू नका, उगं नाय म्हणतील.”

“मी इथंच उभा आहे,” मी म्हणालो.

“वहिनी, कुणी बोललं का?”

ते येईपर्यंत नात त्यांच्याच पाण्याने न्हाली. सोमवारी ते परतले, आणि थेट कोर्टात जाऊन त्यांनी माझ्याविरुद्ध तासभर साक्ष दिली.