गेटच्या यादीतली जादा ओळ

आधीच सांगतो, घरचे देवळात गेले की चपला सांभाळत बाहेर थांबणारा माणूस आहे मी. असले चमत्काराचे अनुभव ग्रुपवर आले की टर उडवण्यात माझा पहिला नंबर. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण लिहितो.

मी हिंजवडीत वेब डेव्हलपर आहे. उरवड्याच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे आलं होतं. गेटवर कार्ड दाखवून कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हे दाखवणारं पान. टेबलात लाखभर ओळी. ब्राउझर त्या सगळ्या एकदम मांडायला जायचा आणि पान गोठायचं. आग लागली तर आत कोण राहिलंय हे याच पानावर बघायचं, म्हणून घाई होती.

मी जावास्क्रिप्ट बदललं. स्क्रीनवर मावतील तेवढ्या तीसेक ओळीच बनवायच्या आणि स्क्रोल केलं की त्यांच्यातच पुढची नावं भरायची. पान झरझर सरकायला लागलं.

फक्त तळाशी एक ओळ जास्त यायची. ‘भागाबाई काळू वाघमारे – मागचं स्टोअर – आत.’ तिला अनुक्रमांक नव्हता. सगळा डेटा चाळला, हे नाव कुठेच नाही. वापरलेली ओळ नीट पुसली गेली नाही की जुना मजकूर उरतो, तसलंच काहीतरी असणार असं मी ठरवलं. मग तो जुना मजकूर कुठून आला, हे स्वतःला विचारलंच नाही. डेडलाईन होती ना! अनुक्रमांक नसलेली ओळ लपवायचा कोड टाकला आणि मोकळा झालो.

पुढच्या आठवड्यात पान दाखवायला कारखान्यात गेलो. सकाळी अकराच्या सुमाराला पॅकिंगमधून धूर यायला लागला. सायरन वाजला, सगळे गेटपाशी जमले. सेफ्टीचे शेडगे साहेब टॅबवर माझं पान उघडून त्या दिवशी आत आलेल्यांची नावं पुकारत होते. दोन मिनिटांत यादी संपली.

“समदी भाईर हायेत. आता कुनी आत जायाचं न्हाई,” ते म्हणाले.

मी पुढे झालो. “साहेब, मागच्या स्टोअरमध्ये एक बाई आहे... भागाबाई वाघमारे.”

“यादीत कुटं हाय?”

“ती ओळ मी लपवलीये.”

 शेडगे साहेब तोंडाला ओला रुमाल बांधून दोघांना घेऊन आत शिरले.  ते परत आले तेव्हा तिघांनी मिळून एका बाईला उचलून आणलं होतं. श्वास चालू होता.

चार दिवसांनी दवाखान्यात तिला भेटायला गेलो. डोंगरातल्या वाडीवरची, रोजंदारीवर आलेली. आग लागली तोच तिच्या कामाचा पहिला दिवस. कार्ड नव्हतंच, मुकादमाने मागच्या फाटकातून आत घेतलं आणि कागदावर ‘हेल्पर – १’ एवढंच लिहिलं.

लॉग, बॅकअप, सगळं मी पुन्हा पालथं घातलंय. आठवडाभर आधी ते नाव माझ्या स्क्रीनवर कसं आलं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. ते लपवणारा कोड मात्र माझाच होता — ते आठवलं की झोप लागत नाही.

त्या दिवशी भागाबाईंनी खाटेवर उठून बसत मला विचारलं होतं, “तुमी माझं नाव घेऊन सांगितलं म्हनं, सायेब. तितं तर मला कुनी नाव इचारलंच न्हवतं. मग तुमास्नी कसं ठावं?”