माझ्या आधी कोण येऊन गेलं

हैदराबादेहून गोंदियाला मी वर्षानुवर्षं रेल्वेनं येत होते. रात्र डब्यात जायची, सकाळी गोंदिया, मग देवरीची बस. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर विमान सुरू झालं आणि तेच पाचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर तासा-सव्वातासावर आलं. आता बिरसीहून देवरीपलीकडच्या आमच्या गावी पोचायलाच जास्त वेळ लागतो.

मला वाढवलं माझ्या थोरल्या काकूनं. आमच्याकडे तिला मोठी आई म्हणतात. गेल्या पावसाळ्यात ती तापानं अंथरुणाला खिळली. तिच्या मुलाचा, म्हणजे दादाचा, फोन आला तसं मी दुसऱ्या दिवशीचं विमान पकडलं. विमानात बसल्या बसल्या झोप लागली, ती चाकं जमिनीला टेकली तेव्हाच मोडली. दादा मोटारसायकल घेऊन बाहेर उभा होता.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. धानाच्या रोवण्याचे दिवस. वहिनी सकाळपासून शेतात, धानाच्या बांधीत रोवत होती, ती नुकतीच परतून चिखलाचे पाय धूत होती. मी आत गेले. मोठ्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आत्ता तं गेलीस," ती म्हणाली. "परत कायले आलीस वो?"

मी म्हटलं, मोठी आई, मी आत्ताच येऊन राहिले. ती ऐकेना. सकाळी मी आले, उशाशी बसले, तिच्या डोक्याला तेल लावलं, बोलले मात्र काही नाही, असं तिनं सांगितलं. सकाळी तर मी विमानात झोपेत होते. तापात भास होतात, असं मनाशी म्हणत मी तिला कुशीवर वळवायला हात घातला.

केस तेलानं ओले होते. वेणी घातलेली होती, चार पदरांची. ती मी होस्टेलात शिकले होते. आमच्या घरात दुसऱ्या कोणाला ती येत नाही.

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, मी तर केस तसेच मोकळे सोडून गेले होते. शेजारची बाई एकदा पाणी पाजून गेली होती. तिनं डोक्याला हात लावला नव्हता. वहिनी वेणीकडे बघत राहिली आणि मग देवापाशी दिवा लावायला गेली. अजून चांगलं ऊन होतं.

मी आठवडाभर राहिले. दुसऱ्या दिवशी वेणी सोडून मी तिच्या डोक्याला तेल लावायला बसले. बराच वेळ ती डोळे मिटून होती.

"तुहा हात जड आहे," ती म्हणाली. "कालचीचा हलका होता."

माझे हात थांबले. मग मी तशीच बोटं फिरवत राहिले, कारण ती वाट बघत होती.

मोठी आई त्या दुखण्यातून उठली. आता काठी घेऊन अंगणात येते, त्या दिवसाचं नाव काढत नाही. मी पुन्हा रेल्वेनंच जाते-येते. नवरा म्हणतो, तासाभराच्या वाटेला रात्र कशाला घालवतेस? त्याला मी गुडघे दुखतात असं सांगते, विमानात पाय पसरता येत नाहीत असंही. गाडीत मी खिडकीशी बसते आणि शक्यतो झोपत नाही.