तिचे वाल उगवले

तुम्ही साठवून ठेवलेलं बी जिवंत आहे, हे तुम्हाला कशावरून माहीत? मला तर खात्री होती. मी त्यावर पत्रक लिहिलं होतं.

पेणजवळच्या आमच्या घरात भांड्यांपेक्षा शेती-बियाण्यावरची पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले तीच त्यांच्यावर. मामाने शेती सोडली तेव्हा त्याने नुकत्याच झोडपलेल्या कडव्या वालाचं बी दोन भागांत वाटलं. अर्धं मला, अर्धं रोह्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला. त्या बारीक जातीचं बी दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. कंपनीचं पाकीट आमच्या शेतात येणार नाही, असं मी चारचौघांत सांगून बसले होते.

पत्रकात मी छापलं होतं, ‘कडक उन्हात खडखडीत वाळवा.’ तसंच केलं. भर दुपारी वाल पत्र्यावर पसरले आणि संध्याकाळ व्हायच्या आत गरमागरम डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. बहिणीला फोन केला, तर तिचं वाळवणं अजून चाललेलंच. सकाळच्या कोवळ्या उन्हात गोणपाटावर पसरायचे, ऊन तापलं की पडवीत ओढायचे. आठवडाभर तेच. मी हसले.

त्या वर्षी शेतात ओल टिकली नाही, दोघींचीही पेरणी हुकली. बी दोन पावसाळे पडून राहिलं.

यंदा भात कापून झाल्यावर मी निम्मे वाल टोकले. आठ दिवसांनी पाहते तर ओळीच्या ओळी रिकाम्या. जी रोपं वर आली होती तीही पिवळी, मान टाकलेली. उकरलं तर दाणे मातीत कुजलेले. त्याच दुपारी बहिणीने फोनवर फोटो पाठवला. हिरवंगार शेत, खाली एक शब्द नाही. टोमणा मारला असता तरी चाललं असतं.

उरलेले वाल घेऊन मी रोह्याला गेले. तिच्या शेतात कुठे तरी खोट सापडावी, एवढीच इच्छा मनात होती. सापडली नाही.

“काय गो, पत्रकं वाटून झाली?” ती म्हणाली. माझे दाणे तिने हातावर घेतले. “सालं तडकलीत बघ. कुठे सुकवलंस?”

“पत्र्यावर. दुपारी.”

“अगो, बियाणं हाय ते, पापड नाय!”

आतून तिची सासूही हसली.

“आणि तापलेलेच डब्यात कोंबलेस? वरून सुकले, आत ओल तशीच. डब्यात घाम सुटणार नाय तर काय? माझे रात्रभर थंड केले, दाताखाली कट्कन तुटले, तेव्हा राखेत घातले.”

दहावीपाशी शाळा सोडलेली ही बाई बरोबर होती आणि सभांमधून बियाण्यावर बोलणारी मी चूक. तिच्यापुढे हात पसरण्यापेक्षा बाजारातून पाकीट आणावं, असं मला खरोखर वाटलं. मग माझीच मला लाज वाटली. मी बी मागितलं.

“देते,” ती म्हणाली, “पण आधी तुझं ते पत्रक दुरुस्त कर. लोक वाचतात ते.”

तिने राखेतले वाल पिशवीत भरून दिले. मला अजूनही तिचा हेवा वाटतो. तिच्याच वालाची रोपं आता माझ्या शेतात उभी आहेत.

माझं ते जुनं पत्रक तुमच्या घरी असेल, तर ‘कडक उन्हात’ हे शब्द आजच खोडा. आणि साठवणीतले दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. कितींना मोड येतात ते मोजा, मगच पेरा.