बांद्याच्या पुलापासून बासरीपर्यंत

मालवणात मुझफ्फरला ओळखत नाही असा माणूस मिळणं कठीण, आणि गेल्या दोन वर्षांत त्याला एका जागी बसलेलं पाहिलेला माणूस मिळणं त्याहून कठीण. सकाळी चहा अर्धा टाकून तो घराबाहेर पडायचा, जेटीपर्यंत जायचा, तिथून एसटी स्टँडवर, स्टँडवरून परत घरी. दारात चपला काढता काढताच त्याला पुन्हा कुठेतरी जायचं असल्यासारखं वाटायचं.

दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. समोरचं त्याला नीट दिसायचं, पण बाजूचं दिसत नसे. कडेने येणारी सायकल अंगाला घासून जाईपर्यंत कळत नसे. एकतीस वर्षं त्याने आधी जीप आणि मग सुमो चालवली होती. कुणाला धक्का लागण्याआधीच त्याने ती आरोंद्याच्या एका माणसाला विकून टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून ही पायपीट सुरू झाली.

त्याची बायको खैरुन्निसा म्हणायची, गाडी गेली, पण ह्याच्या पायातला क्लच काही गेला नाही. ते खरंच होतं. टीव्हीवर किंवा शेजाऱ्याच्या रिक्षात जुनं गाणं लागलं की मुझफ्फरचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. गाण्याचे शब्द त्याच्या कधी लक्षात राहिले नाहीत. त्याला त्यातले रस्ते आठवायचे. एक गझल फोंडा घाटाची होती, कारण धुक्यातून वऱ्हाड घेऊन चढताना ती लागली होती. एक कव्वाली विजयदुर्गच्या सड्यावरची, तिथे टायर बसला तेव्हा सगळे प्रवासी कातळावर बसून टाळ्या वाजवत राहिले होते. असं एकेक गाणं त्याला एकेका वळणावर नेऊन सोडायचं, आणि मग घरात बसणं त्याला आणखीच जड जायचं.

त्याच्या लेकीला, मुबश्शिराला, वाटलं की अब्बांना त्यांची गाणी परत द्यावीत. गाडीतला कॅसेटचा डबा माळ्यावर पडला होता. तो तिने कुडाळला एका दुकानात नेला, वाजण्यासारख्या होत्या तेवढ्या कॅसेट त्याच्या मोबाइलवर उतरवून घेतल्या आणि मे महिन्यातल्या एका दुपारी जेवणं झाल्यावर हौसेने गाणी लावून दिली. पहिली तीन-चार गाणी मुझफ्फर हसत ऐकत होता, कुठलं गाणं कुठल्या घाटातलं ते तिला सांगत होता. पाचवं गाणं लागलं. इथल्याच एका ऑर्केस्ट्रातल्या गायकाने कधीकाळी काढलेल्या कॅसेटमधलं, होडीवरचं साधंसं गाणं. पहिल्या ओळीलाच मुझफ्फर उठला आणि भर उन्हात चपला न घालता घराबाहेर गेला.

खैरुन्निसा त्याच्या मागोमाग गेली. तो मशिदीच्या भिंतीच्या सावलीत उभा होता. लग्नघरात हेच गाणं लागल्यावर त्याला असंच मधेच उठून जाताना तिने दोनदा पाहिलं होतं. आज तिने विचारायचंच ठरवलं होतं. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ता गाणा लागला की माका गाडीत बसल्यासारखा वाटता. आणि मागच्या सीटवर माणूस मरता आसा."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. वालावलचा लवू नावाचा एक सुतार गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात होता. आजार हाताबाहेर गेला होता, त्यामुळे त्याला घरी आणायचं ठरलं आणि मुझफ्फरची सुमो सांगितली गेली. मागच्या सीटवर लवू आणि त्याची बायको नर्मदा. पुढे मुझफ्फरच्या शेजारी त्यांची नऊ वर्षांची मुलगी गौरजा. पोरगी म्हापसा येईपर्यंत गप्प होती. तिला जरा बरं वाटावं म्हणून मुझफ्फरने कॅसेट लावली. होडीचं गाणं तिला भलतंच आवडलं. संपलं की ती पुन्हा लावायला सांगे, आणि तो कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावी. बांद्याच्या पुढे तर ती मोठ्याने गायला लागली आणि मुझफ्फरही तिच्याबरोबर गायला लागला. एकदा सावंतवाडीजवळ पेशंटला झोप लागली असेल म्हणून त्याने आवाज कमी केला, तर मागून नर्मदा म्हणाली, "बंद करू नकात. आसू दे." वालावलला पोचल्यावर त्याने मागचं दार उघडलं तेव्हा लवू गार पडला होता.

सावंतवाडीचं इस्पितळ तर वाटेवरच होतं, मुझफ्फर खैरुन्निसाला म्हणाला. मी गात गात त्याच्यापुढून गाडी काढली. आरशात एकदा नीट बघितलं असतं तर वळवली असती.

खैरुन्निसाने त्याची समजूत घातली नाही. ती म्हणाली, "सोळा वर्सां माका सांगूक नाय, ता ऱ्हवा दे. जिका विचारूक होया तिका जावन विचार."

रविवारी तो एकटाच निघाला. प्रवासी म्हणून एसटीत बसायची त्याला सवय नव्हती. कुडाळपर्यंत तो उजव्या पायाने फरशीवर ब्रेक दाबत राहिला, चालकाने उशिरा गिअर बदलला की तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिला. कुडाळला बस बदलून वालावलला उतरला तेव्हा त्याच्या पोटऱ्या दुखत होत्या. देवळाच्या बाजूने चालत जाताना दोनदा तो मागे फिरला. लोकांना वाटलं, हा पत्ता चुकला.

नर्मदा अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवून तिने घर चालवलं होतं. केस पांढरे झाले होते, पण तिने त्याला लगेच ओळखलं. पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही. उभ्या उभ्याच, अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात-येत त्याने जे सांगायचं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "वयनी, माका कळाक होया होता. मी गाण्यात ऱ्हवलंय."

नर्मदाने हातातलं सूप खाली ठेवलं.

"माका कळला होता," ती म्हणाली.

तो थांबला.

डॉक्टरांनी सगळं सांगूनच पाठवलं होतं, ती म्हणाली. लवूला घरी यायचं होतं, पण तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता. वाटेत त्याने तिचा हात धरला होता. त्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी बासरी वाजते, बांद्याचा पूल ओलांडल्यावर ती वाजत असताना हात सुटला. तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि गप्प बसली. सांगितलं असतं तर मुझफ्फरने गाडी थांबवली असती आणि पोरीने मागे वळून बघितलं असतं. महिनाभर त्या पोरीच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता, आणि त्या दिवशी ती गात होती. "चेडू गायत होता. तेका गावंक दिलंय," नर्मदा म्हणाली. "बरा केलंय की वायट, ता माका अजून कळूक नाय."

गौरजाला हे माहीत आहे का, असं मुझफ्फरने विचारलं. नर्मदाने नकारार्थी मान हलवली. बाबा घरी पोचल्यावर गेले, असंच तिला सांगितलं होतं. गाडीत ते तुझं गाणं ऐकत होते, असंही सांगितलं होतं.

सोळा वर्षं छातीवर ठेवलेला दगड आता उतरेल, असं मुझफ्फरला वाटत होतं. पण झालं भलतंच. दगड उतरला आणि त्याच्या जागी दुसऱ्याच्या घरातली एक गोष्ट येऊन बसली. तो निघायची घाई करायला लागला. एसटीला अजून तासभर होता, तरी तो चपला घालून उभा राहिला. तेवढ्यात एक जुनी पांढरी गाडी दारात थांबली आणि गौरजा उतरली. म्हापशात एका औषधाच्या दुकानात ती कामाला होती आणि दर रविवारी घरी यायची.

आईने पाहुण्याचं नाव सांगताच तिचा चेहरा उजळला. तिने त्याला खुर्चीत बसवलंच. त्या दिवसातलं तिला सगळं आठवत होतं, सुमोच्या पुढच्या काचेला लटकवलेला हिरवा गोंडासुद्धा. "काका, ता होडीचा गाणा तुमच्याकडे आसा?" तिने विचारलं. "कितकी वर्सां शोधतंय. माझ्याकडे चाल आसा, शब्द नाय. बाबांच्या वांगडा बसान ऐकलेला ता शेवटचा."

फोन मुझफ्फरच्या खिशातच होता. त्याने नर्मदाकडे बघितलं. समोरचं त्याला नीट दिसत होतं, पण तिच्या चेहऱ्यावरून त्याला काही वाचता आलं नाही. खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. त्याने फोन काढून गौरजाच्या हातात दिला.

गाणं लागलं. दुसऱ्या ओळीपासून ती हळूच म्हणायला लागली, विसरलेले शब्द येतील तसे पकडत. नर्मदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दुसरं कडवं संपलं, बासरी सुरू झाली.

"हय," नर्मदा म्हणाली.

गौरजाने वर बघितलं.

"हयच तुझो बापूस गेलो. घराकडे नाय. गाडयेत. तू गायत होतंस तेव्हा."

पुढचं कडवं कुणीच ऐकलं नाही. गौरजा रडली नाही की ओरडली नाही. फोन बंद करून तिने तो मुझफ्फरला परत दिला, आईकडे न बघता आत गेली, पाणी प्यायली आणि परत बाहेर आली. मग तिने मुझफ्फरलाच विचारलं, त्या वेळी गाडी कुठे होती.

आयुष्यात कधी नव्हे इतक्या ठामपणे मुझफ्फरने उत्तर दिलं. तिसऱ्यांदा कॅसेट मागे फिरवली ती बांद्याच्या पुलावर. पूल संपला तेव्हा गाणं सुरू झालं. पेशंट होता म्हणून गाडी चाळीसवर ठेवली होती. म्हणजे बासरी लागली ती इन्सुलीचा चढ लागतो तिथे, डाव्या हाताच्या वळणावर. "माका दाखवशात?" तिने विचारलं. तो हो म्हणाला.

पुढच्या रविवारी ती त्याला न्यायला मालवणात आली. नर्मदा बरोबर नव्हती. आठवडाभर आपण आईशी फोनवर नीट बोललो नाही, असं गौरजाने वाटेत सांगितलं. मुझफ्फर डाव्या सीटवर बसला होता आणि बसायचं कसं तेच त्याला जमत नव्हतं. हात मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून दाराच्या मुठीवर जात होता. बांद्याचा पूल ओलांडून त्यांनी गाडी फिरवली, परत पुलावर आले आणि पूल संपताच गाणं लावलं. "चाळीस," मुझफ्फर म्हणाला.

रस्ता आता चौपदरी झाला होता. मागून ट्रक हॉर्न मारत होते. बासरी लागली तेव्हा समोर सरळ, रुंद रस्ता होता आणि बाजूला टायरचं दुकान. "ह्यो नाय," तो म्हणाला. "हय वळण होया." त्यांनी पुन्हा गाडी फिरवली, पुन्हा पूल, पुन्हा गाणं. या वेळी बासरी थोडी पुढे लागली, तरी वळण नव्हतंच. तिसऱ्या वेळी त्याने तिला तीसवर जायला लावलं आणि स्वतः मान पूर्ण वळवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. गौरजाने त्याला न विचारताच गाडी कडेला घेतली.

"काका, हयच म्हणूया. पुरे."

पण त्याला ते पुरेना. ती गाडीला टेकून उभी राहिली आणि तो रस्त्याच्या कडेने चालत सुटला. कठड्यापलीकडे, खाली झाडीत, त्याला काहीतरी काळं दिसलं. तो आणखी पुढे गेला, एका जागी कठडा संपला होता तिथून खाली उतरला. जुना रस्ता होता तो. नवा सरळ काढताना जुनं वळण तसंच बाजूला टाकून दिलेलं. डांबराला भेगा पडल्या होत्या आणि भेगांतून गवत आलं होतं, पण वळण डाव्या हाताचंच होतं आणि पुढे चढही होता. त्याने गौरजाला हाक मारली.

ती उतरून आली. वरून गाड्यांचा आवाज येत होता, खाली कुणी नव्हतं. बाबा कुठल्या बाजूला बसले होते, असं तिने विचारलं. डाव्या, खिडकीकडे, तो म्हणाला. ती रस्त्याच्या डाव्या कडेला जाऊन डांबरावर बसली. मुझफ्फरला तिच्याशेजारी बसावंसं वाटलं, पण पाय थांबेनात. जुना रस्ता शंभरेक पावलांवर भरावाखाली जाऊन संपत होता. तो तिथपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "आवशीन बरा केल्यान की वायट, माका कळना नाय."

"तिकाय कळना नाय," तो म्हणाला.

ती आणखी थोडा वेळ बसली. मग तिने फोन काढला आणि आईला लावला. मुझफ्फर मुद्दाम लांब गेला, तरी तिचे पहिले शब्द त्याच्या कानावर आले. पुढच्या रविवारी तूपण चल, ती सांगत होती, जागा सापडली आहे. त्यानंतर बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. पलीकडून नर्मदा काय सांगत होती ते त्याला कळलं नाही आणि त्याने नंतरही विचारलं नाही. तो भरावापर्यंत जाऊन वळला आणि परत चालायला लागला.